थांबराव

चौघांच्या टेबलावर थांबराव कोण, हे कळायला कोणाच्या हातातले पत्ते बघावे लागत नाहीत. बाकीच्या तिघांनी आपापल्या पाळीत सगळ्या जमिनी आडव्या केलेल्या असतात. जेवढा मॅना निघाला तेवढा उधळून मोकळे. थांबरावांची एक पांढरी जमीन मात्र उभी असते. एकटीच. तिच्याकडे नजर गेली की समोरच्याचा हात पत्ता टाकता टाकता अडखळतो, आणि थांबराव चहाचा घोट घेतात.

हे काही कोणाचं खरं नाव नव्हे. हा माणूस पुण्यात असतो तसा ठाण्यात असतो, आणि न्यू जर्सीतल्या एखाद्या बेसमेंटमध्ये चार मराठी माणसं डेक घेऊन बसली तर तिथेही निघतोच. आमच्या टेबलावरचे थांबराव बँकेत आहेत. तिथे कर्जाच्या फायली त्यांच्यापुढे येतात आणि फाइल उघडून ‘बघू’ म्हणण्याचा त्यांना पगार मिळतो. शुक्रवारी संध्याकाळी ते तोच शब्द घेऊन आमच्याकडे येतात.

ज्यांनी मॅजिक द गॅदरिंग हा खेळ पाहिलेला नाही, त्यांना एवढं सांगितलं तरी पुरे. रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितज्ञाने तो तयार केला आणि १९९३ साली विझार्ड्स ऑफ द कोस्टने बाजारात आणला. डेक ज्याचा त्याने जमवायचा. जमिनीची कार्डं मांडायची, ती आडवी करून मॅना काढायचा, त्या मॅनावर गॉब्लिन, देवदूत, डायनासोर काय वाटेल ते बोलवायचं आणि समोरच्याचे वीस लाइफ संपवायचे. मुळात हा दोघांचा खेळ. पुढे अलास्कातल्या मंडळींनी त्याला एक निराळंच वळण दिलं, शेल्डन मेनरींसारख्या पंचांनी ते जगभर नेलं, आणि २०११पासून कंपनीच त्याचे तयार डेक विकायला लागली. हा कमांडर. यात साधारण चौघं बसतात, प्रत्येकाकडे शंभर कार्डं असतात, साध्या जमिनी सोडल्या तर एकही कार्ड दोनदा नाही, लाइफ चाळीस, आणि प्रत्येक डेकचा एक म्होरक्या. म्होरक्याला मारलं तरी तो परत येतो, फक्त दर खेपेला दोन मॅना जास्त मोजायचे. बँकवाल्यांना हा नियम फार आवडतो.

आता थांबरावांच्या जिव्हाळ्याचा विषय. समोरच्याने मांडलेलं कार्ड उचलून बाहेर फेकणाऱ्या कार्डाला रिमूव्हल म्हणतात. त्यातलं सगळ्यात जुन्या घराण्यातलं म्हणजे सॉर्ड्स टू प्लाउशेअर्स. पहिल्याच संचात होतं, अजून कोणी त्याला मागे टाकलेलं नाही. पांढरा मॅना एक, फक्त एक. कोणाच्याही पाळीत टाका, समोरचा कितीही मोठा प्राणी असो, तो खेळातूनच हद्दपार. भरपाई म्हणून त्याच्या मालकाला त्या प्राण्याच्या ताकदीएवढे लाइफ मिळतात. थांबरावांकडे सॉर्ड्स आहे. जुन्या छपाईचं आहे, दुहेरी स्लीव्हमध्ये आहे, आणि कोणी हातात घेतलं तर ते परत देईपर्यंत थांबराव दुसऱ्या विषयावर बोलत नाहीत. शोकेसमध्ये पाहुण्यांसाठी राखलेला कपबश्यांचा सेट असतो ना, घरात लग्न झालं तरी तो निघत नाही, तशातली गत.

ते वापरत का नाहीत, याला त्यांच्याकडे हिशेब आहे, आणि हिशेब पक्का आहे. नव्या माणसाला ते तो पहिल्याच दिवशी समजावतात, पेन काढून, बिलाच्या मागच्या बाजूला. दोघांच्या खेळात माझं एक कार्ड गेलं, तुझं एक कार्ड गेलं, झाली फिटंफाट. चौघांत बसलो की माझं एक गेलं, तुझं एक गेलं, आणि उरलेले दोघं काही न करता एकेक कार्डाने पुढे. म्हणजे टेबलावरचा राक्षस मी मारायचा आणि त्याचा फायदा ह्या दोघांनी चहा पीत घ्यायचा. “मग मी कशाला?” असं म्हणून ते पेनाला टोपण लावतात. अडचण अशी की हा हिशेब चौघांनाही पटतो. चौघंही म्हणतात, मी कशाला? राक्षस तोवर जेवून येतो.

नेमकी उलटी जात आमच्या डॉक्टरांची. त्या दातांच्या डॉक्टर आहेत आणि दिसलं की काढ हा त्यांचा खाक्या. पहिल्या पाळीत समोरच्या पोराने लॅनोवर एल्व्ह्ज मांडलं, एक ताकदीचा, एक हिरवा मॅना देणारा बापडा एल्फ, तर डॉक्टरांनी तोही उपटला. “दुखायच्या आधी काढलेला बरा,” म्हणाल्या. पोरगा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या आयुष्यात त्या दिवशी दुसरं काही चांगलं घडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी त्याचा म्होरक्या काढला, त्याने दोन मॅना जास्त देऊन परत आणला, त्यांनी परत काढला, त्याने चार जास्त दिले. तिसऱ्यांदा काढल्यावर त्याने जिंकायचा नाद सोडला आणि उरलेला खेळ फक्त डॉक्टरांना संपवण्यासाठी खेळला. हे बिलाच्या मागच्या हिशेबात येत नाही. रिमूव्हल कार्डावर टाकलेलं असतं, पण लागतं माणसाला.

थांबरावांना हे बरोबर कळतं. कोणाला काही लागू नये म्हणून तर ते काही करत नाहीत. त्यांच्यावर कोणी चिडत नाही, त्यांच्यावर कोणी धावून जात नाही, आणि संकट आलं की सगळे त्यांच्याकडेच बघतात. पोरगा म्हणतो, “काका, आहे का काही?” त्यांना काका म्हटलेलं आवडत नाही, पण विचारलेलं आवडतं. डॉक्टर म्हणतात, “अहो, करा ना काहीतरी.” मग थांबराव हातातले पत्ते उलगडतात, एक पत्ता वर सरकवतात, पुन्हा खाली ढकलतात, समोरच्या राक्षसाचं कार्ड मागून घेऊन त्यावरची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचतात, मालकाला परत देतात आणि म्हणतात, “बघू.”

ह्या ‘बघू’वर त्यांचा व्यापार चालतो. पोराला ते सांगतात, तू माझ्यावर आला नाहीस तर माझं सॉर्ड्स तुझ्या प्राण्याला लागणार नाही. डॉक्टरांना सांगतात, पोरगा तुमच्यावर आला तर सॉर्ड्स आहेच. मला बाजूला घेऊन सांगतात की ते मुळात डॉक्टरांच्या देवदूतासाठी ठेवलंय. कार्ड एक, शब्द तिघांना. बँकेत कोणी एकच फ्लॅट तीन ठिकाणी तारण ठेवला तर थांबराव स्वतः उठून ती फाइल पोलिसांकडे पाठवतील.

मध्यंतरी आम्ही तिघांनी ठरवलं की आज त्यांना काही विचारायचंच नाही. तो खेळ मला फार आवडला. पोराने दहा ताकदीचा प्राणी मांडला. आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही. थांबराव खाकरले. डॉक्टरांनी समोसा मागवला. थांबरावांनी पत्ता वर सरकवला, खाली ढकलला, परत वर सरकवला. मग ती उभी असलेली पांढरी जमीन त्यांनी उगाच सरळ केली. शेवटी न राहवून म्हणाले, “नाही, म्हणजे, कोणाला काही म्हणायचंय का?” कोणालाच काही म्हणायचं नव्हतं. त्या संध्याकाळी ते लवकर घरी गेले.

आणि एकदा तर खेळ संपल्यावर त्यांच्या हातातले पत्ते वाऱ्याने उलटे पडले. सात पाळ्या आम्ही त्यांच्या उभ्या जमिनीला बिचकून खेळत होतो. डॉक्टरांनी आपला सगळ्यात चांगला देवदूत हातातच दाबून ठेवला होता. पोराने दोन हल्ले माघारी घेतले होते. उलटे पडलेले तीन पत्ते म्हणजे प्लेन्स, प्लेन्स आणि प्लेन्स. नुसत्या जमिनी. डॉक्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्यासमोर तोंड उघडून बसलेला पेशंट असता तर मला त्याची काळजी वाटली असती. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी थांबरावांना कंजूष म्हणायचं सोडून दिलं. कंजुषाकडे निदान ऐवज असतो. हा माणूस पत्ता खेळत नव्हता, पत्ता असल्याचा भास खेळत होता, आणि त्याला एक मॅनाही लागत नव्हता.

पण हिशेब पक्का असला तरी घड्याळ वेगळं असतं, आणि थांबराव मार खातात ते घड्याळाकडून. माझ्या निळ्या डेकमध्ये ऱ्हिस्टिक स्टडी आहे. हे २००० सालचं कार्ड. त्यात राक्षस नाही, रक्त नाही, नुसता एक त्रास आहे. बाकीच्यांपैकी कोणी जमिनीशिवाय काहीही खेळलं की मी विचारायचं, “एक मॅना देताय?” दिला तर ठीक, नाही दिला तर मी एक कार्ड ओढणार. माणसं एका मॅनासाठी जीव टाकतात, पण तो द्यायला हात धजत नाही. टेबलावर एका संध्याकाळी माझा तेवढाच एक प्रश्न चालू होता. डॉक्टरांचं रिमूव्हल नेहमीप्रमाणे संपलेलं. थांबरावांकडे जनरस गिफ्ट होतं. तीन मॅना, काहीही फोडा, भरपाईला समोरच्याला एक हत्ती. डॉक्टर म्हणाल्या, “काढा ते.” थांबरावांनी माझ्या बाजूला पाहिलं. माझ्याकडे एकही प्राणी नव्हता. “तो कुठे जिंकतोय?” ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने धोका म्हणजे ज्याला दात आहेत तो. दोन फेऱ्यांनी माझ्या हातात नऊ पत्ते झाले तेव्हा त्यांनी गंभीरपणे जनरस गिफ्ट टाकलं आणि ऱ्हिस्टिक स्टडी फोडलं. मला हत्तीही मिळाला. हातातले नऊ पत्ते कोण काढणार होतं?

इथे मला थोडं बोलायचंय, कारण टेबलावर मला कोणी बोलू देत नाही. मोठ्या प्राण्याला एवढं घाबरू नये. तो कुठेतरी धावणारच, आणि चौघांत तो तुमच्यावर धावण्याची शक्यता तीनात एक. तुम्ही गरीब दिसलात तर त्याहून कमी. तोवर तो तुमच्याच दोन शत्रूंना झोडपत असतो, तेही दुसऱ्याच्या मॅनावर. दर पाळीला काहीतरी पिकवणारं कार्ड मात्र आल्या आल्या उपटावं, कारण उशीर केलात तर कार्ड जातं आणि पीक राहतं. आणि एक फरक थांबराव चाळिशी लावूनही वाचत नाहीत. काही रिमूव्हल कोणाच्याही पाळीत चालतं, काही फक्त आपल्या पाळीत. पहिलं राखून ठेवता येतं. दुसरं राखून ठेवणं म्हणजे आपली पुढची पाळी येणारच आहे, ह्यावर पैज लावणं.

ती पैज ते एकदा हरले, आणि आम्हाला घेऊन हरले. त्यांच्या हातात रॅथ ऑफ गॉड होतं. चार मॅना, टेबलावरचे सगळेच्या सगळे प्राणी ठार, पण फक्त स्वतःच्या पाळीत. पोरासमोर सहा एल्फ झाले तेव्हा आम्ही त्यांच्याकडे आशेने पाहिलं. “अजून दोन येऊ देत,” ते म्हणाले. असं झाडलोट करणारं कार्ड कचरा पुरेसा साठल्याशिवाय वापरणं त्यांच्या जिवावर येतं. आठ झाले. “आता कुठे रंग भरतोय.” दहा झाले. थांबरावांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. दहाला एक, असा भाव त्यांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. “माझी पाळी येऊ दे फक्त,” ते म्हणाले. पाळी पोराची होती. त्याने आठ जमिनी आडव्या केल्या आणि क्रेटरहूफ बेहेमथ मांडलं. ते आल्या आल्या धावतं, आणि जेवढे प्राणी मांडलेले असतील तेवढी ताकद त्या पाळीपुरती प्रत्येकाला चढवतं. दहा एल्फ आणि ते अकरावं. एकेक एल्फ बारा ताकदीचा झाला, बेहेमथ सोळाचं. पोराने चार एल्फ माझ्यावर पाठवले, चार डॉक्टरांवर, दोन एल्फ आणि बेहेमथ थांबरावांवर. अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस आणि चाळीस. अडवायला आमच्याकडे कोणी नव्हतं. खेळ सुरू झाला तेव्हाचे पुरते चाळीस लाइफ घेऊन बसलो असतो तरी तिघंही गेलो असतो.

थांबरावांना वाईट वाटलं असेल, असं वाटत असेल तर तुम्ही त्यांना ओळखलं नाहीत. हरल्यानंतरची ती दहा मिनिटं त्यांची सर्वात आवडती. त्यांनी हातातले पत्ते एकेक करून टेबलावर मांडले. रॅथ ऑफ गॉड. जनरस गिफ्ट. सॉर्ड्स. “हे बघा. सगळं होतं.” आवाजात दुःख नव्हतं, निवृत्तीच्या दिवशी माणूस शिल्लक रजा मोजून दाखवतो तेव्हाचा तो आवाज होता. “पुढच्या पाळीत तुझं काही उरलं नसतं,” त्यांनी पोराला बजावलं. पोराने आदराने मान डोलावली आणि पत्ते पिसायला घेतले.

ते सॉर्ड्स खरंच टाकलेलं आम्ही पाहिलं, ते अगदी अलीकडे. त्या दिवशी पोराने घाल्टा मांडला होता. बारा ताकदीचा डायनासोर, आणि मध्ये कोणाला उभं केलं तर त्याला तुडवून उरलेला मार मालकापर्यंत पोचवणारा. माझ्याकडे काही काढून घेण्याजोगं उरलंच नव्हतं. डॉक्टर चौदावर होत्या. थांबराव नऊवर, आणि त्यांच्यासमोर सेरा अवतार. ह्या अवताराची ताकद मालकाच्या लाइफएवढी असते, म्हणजे नऊ. स्वतःच्या पाळीत त्यांनी तो माझ्यावर पाठवला होता, त्यामुळे आता आडवा पडलेला. अडवायला उपयोग नाही.

पोराने घाल्टा थांबरावांवर सोडला. टेबल शांत झालं. नऊ लाइफ, बाराचा मार, पांढरी जमीन उभी, आणि हातात सॉर्ड्स असल्याची सगळ्यांना खात्री. इतकी वर्षं राखलेलं कार्ड कशासाठी, तर ह्या क्षणासाठी. डॉक्टर पुढे वाकल्या. थांबरावांनी पत्ता वर सरकवला, आणि ह्या वेळी तो खाली ढकलला नाही. जमीन आडवी केली. सॉर्ड्स टेबलावर ठेवलं.

“घाल्टा गेला,” पोरगा म्हणाला आणि कार्ड उचलायला लागला.

“घाल्टा नाही,” थांबराव म्हणाले. “माझा अवतार.”

आम्ही तिघांनी सॉर्ड्स वाचून पाहिलं, जणू ते कालच छापून आलं होतं. चालतं. स्वतःच्या प्राण्यावरही चालतं. अवतार हद्दपार, त्याच्या ताकदीएवढे नऊ लाइफ थांबरावांना, नऊचे झाले अठरा, अठरातून बारा गेले, राहिले सहा.

“काका,” पोराचा आवाज चिरकला, “माझ्यावर टाकलं असतंत तर नऊच्या नऊ राहिले असते! अवतारही राहिला असता!”

“आणि तुला फुकट बारा लाइफ मिळाले असते,” थांबराव म्हणाले. “शिवाय घाल्टा गेल्याचा फायदा डॉक्टरांना. त्यांनी काय केलंय त्यासाठी?”

डॉक्टरांनी काय केलं होतं, तर पहिल्या पाच पाळ्यांत त्यांनी तीन एल्फ आणि माझी एक मॅना देणारी अंगठी उपटली होती. आता त्यांच्या हातात देवदूत होते, रिमूव्हल नव्हतं.

“अरे, ते सहावर आहेत,” डॉक्टर पोराला म्हणाल्या. “समोर काही नाही त्यांच्या. पुढच्या पाळीत संपव त्यांना.”

“मला संपवून काय मिळणार?” थांबराव म्हणाले. “सहा लाइफ, अवतार गेला, सॉर्ड्स गेलं. मी कोणाला काय करणार आहे? देवदूत कोणाकडे आहेत बघा.”

फेरी फिरून पोराकडे आली. तोवर थांबरावांनी एक कार्ड ओढलं होतं, वाचलं होतं आणि हातात डावीकडून दुसरं लावलं होतं. पोराने त्यांच्या हाताकडे पाहिलं.

“काका, अजून काही आहे का?”

“बघू.”

पोराने घाल्टा उचलला आणि डॉक्टरांकडे वळवला.

“अहो, थांबराव!” डॉक्टर ओरडल्या. “करा ना काहीतरी!”

“थोडं थांबू या,” थांबराव म्हणाले. “अजून तुमचे चौदा आहेत.”